कमळ आणि कुमुद : एका समानार्थाची उलटतपासणी

मराठीच्या शालेय व्याकरणपुस्तकांत समानार्थी शब्दांची यादी असते. तीत 'कमळ' या शब्दापुढे पंकज, पद्म, अंबुज, नलिनी, राजीव, सरोज, अरविंद, उत्पल, कुमुद अशी नावे ओळीने दिलेली आढळतात. ही यादी पाठ करूनच विद्यार्थी महाविद्यालयात येतो आणि पुढे स्पर्धा परीक्षांनाही तीच घेऊन बसतो. आम्हीही ती पाठ केली होती. सांगायला संकोच वाटतो, परंतु अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय शिकविताना 'कुमुदिनी' म्हणजे काय असे कोणी विचारले, की 'कमळाची वेल' एवढे सांगून आम्ही पुढच्या ओवीकडे वळत असू. एके वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला : कमळ तर सूर्य मावळला की मिटते, मग ते चंद्राला आलिंगन कसे देईल? प्रश्न बिनतोड होता. त्या तासाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ज्या जागी हा प्रश्न उभा राहिला ती जागा नीट पाहण्यासारखी आहे. ग्रंथाचे सेवन श्रोत्याने कसे करावे, हे ज्ञानदेव तेथे सांगत आहेत. शरदातल्या चांदण्याचे कोवळे कण चकोराची पिले ज्या हळुवारपणे वेचतात, तशा मनाने ही कथा अनुभवावी. भ्रमर पराग घेऊन जातो, पण कमळाच्या पाकळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. तशी या ग्रंथाच्या सेवनाची रीत आहे. आणि त्यापाठोपाठ कुमुदिनी येते : आपली जागा न सोडता, प्रकटलेल्या चंद्राला आलिंगन देण्याचे प्रेम कसे भोगावे, हे तिलाच ठाऊक. कमळ आणि कुमुदिनी अशी एकामागून एक ठेवलेली आहेत, आणि ही पुनरुक्ती नव्हे. कमळाचा प्रसंग दिवसाचा आहे. तेथे भ्रमर येतो, स्पर्श होतो, काहीतरी नेले जाते, आणि तरीही ज्याचे नेले त्याला ओरखडा उमटत नाही. कुमुदिनीचा प्रसंग रात्रीचा आहे. तेथे प्रियकर आकाशात, प्रेयसी तळ्यात. कोणी कोणाकडे जात नाही, स्पर्शाचा प्रश्नच नाही, आणि तरीही भोगात उणे काही नाही. ग्रंथाला धक्का न लावता त्याचे सार उचलणे ही एक गोष्ट, आणि स्वतः जागचे न हलता ग्रंथाने उजळून निघणे ही दुसरी. म्हणूनच याच्या पुढे ज्ञानदेव ज्याचे अंतःकरण स्थिरावले आहे अशा श्रोत्याची अपेक्षा करतात. ती स्थिरता कुमुदिनीकडून आलेली आहे. 'कुमुदिनी म्हणजे कमळच' असे म्हटले की दिवस आणि रात्र एकमेकांत कालवली जातात आणि दोन दृष्टांतांपैकी एक नाहीसा होतो. आम्ही वर्षानुवर्षे वर्गात तो नाहीसा करीत होतो.

तेव्हा आधी वनस्पतींकडे वळणे भाग आहे. कमळाचे पक्व पान पाण्याच्या वर उंच उचललेले असते. ते अखंड गोल असून देठ त्याला खालून मध्यभागी, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो. कुमुदाचे पान पाण्यावर पसरून तरंगते आणि देठापाशी त्याला एक फाट असते. कमळाचे फूल सकाळी उमलते. पाकळ्या गळून गेल्यावर झारीच्या तोंडासारखा, वर भोके असलेला बीजकोश पाण्याबाहेर उभा राहतो. पांढरे व तांबडे कुमुद रात्री उमलते, दुसऱ्या दिवशी उन्हे चढता चढता मिटते, आणि त्याचे फळ पाण्याखाली जाऊन पिकते. ज्याने तळ्याच्या काठी एक दिवस आणि एक रात्र काढली आहे त्याला ही दोन झाडे सारखी वाटणे कठीण आहे. ती सारखी वाटतात ती यादीत.

जुन्या कोशकारांना हा भेद चांगला ठाऊक होता. अमरकोशाच्या पहिल्या कांडातील वारिवर्गात प्रथम उत्पल-कुवलयांचा गट येतो. त्यातच निळ्याला इंदीवर आणि पांढऱ्याला कुमुद, कैरव अशी नावे दिली आहेत. त्यानंतर स्वतंत्रपणे पद्माची नामावली सुरू होते : नलिन, अरविंद, सहस्रपत्र, कमल, शतपत्र, कुशेशय, तामरस, राजीव, पुष्कर इत्यादी. कंदांची नावेसुद्धा वेगळी आहेत. कुमुदाच्या कंदाला शालूक म्हणावे आणि कमळाच्या कंदाला करहाट. (कऱ्हाडचे जुने नाव करहाटक. गावाचा संबंध कमळाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु अमरकोशातच करहाटक हे गेळफळाच्या झाडाचेही नाव आहे, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.) देठ, तंतू, केसर, बीजकोश, कोवळे पान या प्रत्येकासाठी अमरसिंहाजवळ शब्द आहे. अर्थात त्याची भिंत अगदी निश्छिद्र आहे असेही नाही. पद्माच्या नावांत त्याने 'महोत्पल' घेतले आहे आणि तांबड्या कमळाला 'रक्तोत्पल' म्हटले आहे. उत्पल हा शब्द भिंतीच्या दोन्ही बाजूंना वावरतो. कुमुद मात्र कधी पलीकडे जात नाही.

याहून मोठा पुरावा नैयायिकांकडे सापडतो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तो अवश्य पाहावा. शब्दाचा अर्थ अवयवांवरून लागतो की रूढीवरून, या चर्चेत 'पंकज' हे ठरलेले उदाहरण आहे. चिखलात जन्मते ते पंकज, हा झाला योग. पण शब्द उच्चारताच बोध होतो तो कमळाचाच, ही रूढी. दोन्ही मिळून शब्द योगरूढ. येथपर्यंत आपण वर्गात शिकवतो. पुढचा प्रश्न आपण सोडून देतो. कुमुदही चिखलातच जन्मते. मग ते पंकज का नव्हे? सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या न्यायसिद्धांतमुक्तावलीत हा मुद्दा स्पष्टपणे येतो. रूढी कमळाला धरून ठेवते आणि कुमुदाला अडवते; एखाद्या वाक्यात कमळ हा अर्थ बसतच नसेल, तरच 'पंकज' शब्दावरून कुमुदाचा बोध व्हावा, आणि तोही लक्षणेने. म्हणजे ज्यांना फुलांशी काडीचेही देणेघेणे नव्हते, केवळ शब्दशक्तीचा निर्णय करावयाचा होता, अशा तार्किकांनाही कमळ आणि कुमुद यांतील अंतर इतके पक्के वाटत होते, की त्यावर एक सिद्धांत तोलून धरता आला. आमच्या समानार्थी यादीने हा सिद्धांत एका स्वल्पविरामात संपविला आहे.

मग कवींचे काय? कवी निसर्ग पाहून लिहीत होते की पोथी पाहून? याचे उत्तर राजशेखराने दिलेले आहे. नवव्या-दहाव्या शतकाच्या संधिकाळावरील हा कवी आणि मीमांसक कनौजच्या दरबारात होता, पण घराणे यायावर, आणि आपल्या पूर्वजाचा, अकालजलदाचा, 'महाराष्ट्रचूडामणी' असा उल्लेख त्याने केलेला आहे. काव्यमीमांसेत कविसमयांचे विवेचन करताना तो सांगतो, की जे नाही त्याचेही वर्णन करण्याची कवींची परंपरा आहे. उदाहरणार्थ नद्यांतील कमळे. वाहत्या पाण्यात कमळ रुजत नाही हे त्याला माहीत आहे आणि कवी ते खुशाल फुलवतात हेही माहीत आहे. उलट, जे आहे त्याचे वर्णन न करण्याचीही परंपरा आहे. त्याचे एक उदाहरण नीलोत्पलाचे : ते दिवसा उमलते, परंतु कवी तसे लिहीत नाहीत. हे उदाहरण आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. निळे उत्पल कुमुदाच्या कुळातले असूनही खरोखरच दिवसा फुलते. सूर्याची कमळे आणि चंद्राची कुमुदे अशी जी नीटस वाटणी काव्याने केली होती, तीत ते बसेना. तेव्हा काव्याने वाटणी राखली आणि फुलाला गप्प बसविले. राजशेखराचे मोठेपण असे की हे गप्प बसविणे त्याने चोरून ठेवले नाही. संकेत हा संकेत आहे, असे नाव देऊन सांगितले. संकेत मोडायचा किंवा पाळायचा, त्यासाठी आधी वस्तुस्थिती ठाऊक असावी लागते.

निळ्या कमळाची ही अडचण अजिंठ्यातही दिसते. पहिल्या लेण्यातील प्रसिद्ध बोधिसत्त्वाला आपण पद्मपाणी म्हणतो. त्याच्या हातातील फुलाचे वर्णन मात्र पुष्कळदा नीलोत्पल असे केले जाते. खऱ्या कमळात निळा रंग नाही. पांढरा आणि गुलाबी-तांबडा हेच भारतीय कमळाचे रंग. 'नीलकमल' हा शब्द ऐकून जे फूल आपल्या डोळ्यांपुढे येते, ते तळ्यात कमळ म्हणून कधीच उमललेले नाही.

येथे पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरील १२ खंडांचा ग्रंथ निघाला. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडे याने तो सिद्ध करविला. इट्टी अच्युतन या वैद्याप्रमाणेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांनी त्याला साहाय्य केले, आणि त्यांचे कोंकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. या ग्रंथात मल्याळम् नावांनुसार 'तामर' वेगळे आणि 'आंबल' वेगळे, म्हणजेच कमळ वेगळे आणि कुमुद वेगळे. पुढे १७५३ मध्ये लिनिअसने जगातील वनस्पतींचे नामकरण केले तेव्हा त्याने कमळाला कुमुदाच्याच 'निम्फिया' या प्रजातीत घातले. दहा वर्षांनी, १७६३ मध्ये, आदांसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला बाहेर काढून 'नेलुंबो' ही प्रजाती केली. हे नाव सिंहली भाषेतून घेतलेले. तरीही दोघांना एकमेकांचे आप्त मानण्याची समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. १९९३ पासून जनुकांच्या तुलनेवर आधारलेली वर्गीकरणे पुढे आली आणि चित्र पालटले. कुमुद हे सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन शाखांपैकी एका शाखेवर आहे, आणि कमळाचा जवळचा जिवंत नातलग पाण्यातला नाहीच. तो चिनार आहे. दाल सरोवरात फुललेले कमळ आपल्या शेजारच्या कुमुदापेक्षा काठावरच्या चिनाराला अधिक जवळचे आहे. ती पाण्यात राहण्याची सवय दोघांनी स्वतंत्रपणे लावून घेतलेली.

'आमच्या पूर्वजांना जनुकशास्त्र माहीत होते' असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. तो काढण्याची हल्ली घाई असते. अमरसिंहाने जनुके पाहिली नव्हती, त्याने तळे पाहिले होते, किंवा तळे पाहिलेल्यांचे शब्द गोळा केले होते. एवढेच पुरेसे होते.

काठावर बसून पाहण्याचा आणखी एक दाखला त्याच पहिल्या अध्यायात आहे. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. प्राण गेला तरी चालेल, पण पाकळी चिरणे त्याला जमत नाही. अर्जुनाला ग्रासणारा स्नेह असा कोवळेपणात कठीण आहे, असे ज्ञानदेव सांगतात. हा दृष्टांत संस्कृत परंपरेतून आलेला आहे हे खरे. पण लाकूड पोखरणारा काळा भुंगा कोकणातल्या आणि देशावरच्या घरांच्या वाशांत आजही भोके पाडतो, आणि कमळ पहिल्या दिवशी थोडे उमलून दुपारनंतर मिटते तेव्हा आत गेलेले कीटक खरोखरच आत राहतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील उद्यानातल्या कमळांवर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. हवेचे तापमान १० अंशांपर्यंत उतरले तरी उमलते कमळ आपल्या आतले तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखते, असे त्यात आढळले. बंद कळीतली रात्र उबदार असते. गीतेच्या पाचव्या अध्यायातील, पाण्याने न भिजणाऱ्या कमळाच्या पानाची उपमाही अशीच तपासून झाली आहे. १९९७ मध्ये बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन संशोधकांनी पानावरील सूक्ष्म उंचवट्यांचे व मेणाचे कार्य उलगडून दाखविले. आपल्या निबंधाच्या मथळ्यात त्यांनी 'पवित्र कमळाची शुद्धता' असे शब्द योजले होते.

आता आपल्या मराठीकडे यावे. संस्कृतात दोन वनस्पतींना पन्नासावर नावे होती. मराठीत उलट घडले, एक नाव अनेक वनस्पतींवर जाऊन बसले. कृष्णकमळ ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वेल. तिच्या फुलातील तंतूंचे वलय म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, असे आपल्याकडे मुलांना सांगतात. त्याच फुलात स्पॅनिश मिशनऱ्यांनी ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे वाचले होते. फूल एक, पुराणे दोन. स्थलकमळ हे जास्वंदीच्या कुळातले. हिमालयातील ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले आहे, आणि आपल्या गच्चीवर कुंडीत लावलेले 'ब्रह्मकमळ' तर मध्य अमेरिकेकडचे निवडुंग आहे. कासच्या पठाराजवळील कुमुदिनी तळ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस लोक ज्या झालरीच्या पांढऱ्या चिमुकल्या फुलांसाठी जातात, ती कमळ नव्हेत आणि कुमुदही नव्हेत. तिसऱ्याच कुळातली, दिवसा फुलणारी आहेत. बाजारातला मखाणा कमळाचे बी म्हणून खपतो. तो काटेरी पानांच्या, कुमुदाच्या कुळातल्या एका पाणवनस्पतीचा. कमळाचे बी म्हणजे कमलगट्टा, ज्याची माळ लक्ष्मीपूजेला लागते. इंग्रजीनेही यापेक्षा वेगळे काही केलेले नाही : प्राचीन इजिप्तच्या भिंतींवरील ज्या फुलांना तिकडे 'लोटस' म्हणतात ती निळी-पांढरी फुले कुमुदाच्याच कुळातली.

खाण्याच्या पदार्थात मात्र जुना शब्द तग धरून राहिला. आपण भाजीला आणतो ती 'कमळकाकडी' म्हणजे देठ नव्हे, चिखलात आडवे वाढणारे खोड. सिंधी घरांत तिला 'बीह' म्हणतात आणि त्यात संस्कृत 'बिस' ओळखू येते. याच शब्दावरून गाथासप्तशतीच्या महाराष्ट्रीत कमळवेलीला 'भिसिणी' म्हटले आहे. पाचूच्या ताटात शंखाची शिंपली ठेवावी तशी भिसिणीच्या पानावर निश्चल बसलेली बगळी, ही गाथा मम्मटाने ध्वनीच्या चर्चेत घेतल्यामुळे प्रत्येक एम. ए.च्या विद्यार्थ्याला माहीत असते. बगळी हललेली नाही म्हणजे येथे माणसाची वर्दळ नाही, म्हणजे भेटीला ही जागा चांगली, हा व्यंग्यार्थ आपण आवडीने समजावून देतो. पान कशाचे, हे मात्र विचारत नाही.

आणखी एक कमळ रोज आपल्या वर्तमानपत्रात असते आणि ते कोणाला दिसत नाही. 'अब्ज' म्हणजे पाण्यात जन्मलेले, कमळ. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) दहाच्या नवव्या घाताला हेच नाव आहे आणि पुढे 'महापद्म'ही आहे. अर्थसंकल्पाच्या बातमीत आपण मोजतो ती कमळेच असतात. माणसांच्या नावांविषयी फार सांगण्याची गरज नाही. पुंडरीकाचा पुंडलिक झाला, आणि कमल व कुमुद या सख्ख्या बहिणी एकाच घरात नांदल्या. त्या दोन बहिणींना कोणी एकच व्यक्ती समजले नाही, एवढे येथे नोंदवावेसे वाटते. 'कमला' हे लक्ष्मीचे नाव. तेंडुलकरांच्या १९८१ च्या नाटकात ते बाजारात अडीचशे रुपयांना विकत घेतलेल्या स्त्रीचे नाव आहे. निवडणुकीतल्या कमळाचा विषय आमचा नव्हे.

गच्चीवरच्या ब्रह्मकमळाकडे पुन्हा एकदा यायला हवे. पावसाळ्यात एखाद्या रात्री ते उमलणार असे कळले की शेजारीपाजारी जमतात, काही घरांत निरांजन ओवाळतात, फोटो निघतात, आणि पहाटेपर्यंत फूल मान टाकते. पांढरे, सुगंधी, रात्री उमलणारे, सूर्य वर येण्याआधी संपणारे. राजशेखराला ते दाखविले असते तर नाव काय ठेवायचे याविषयी त्याला शंका पडली नसती. चंद्राच्या बाजूचे फूल त्याने कुमुदाच्याच ओळीत बसविले असते. आम्ही त्याला कमळ म्हणतो, कारण कुमुद हा शब्द आमच्याजवळ उरला आहे तो मागच्या पिढीतल्या एखाद्या मावशीच्या नावात.

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढच्या आठवड्यात उत्तर दिले, थोडक्यात आणि बरेचसे चुकतमाकत. त्यानंतर पहिला अध्याय शिकविताना फळ्यावर दोन पाने काढतो, एक अखंड आणि एक फाट असलेले. परीक्षेचा प्रश्न मात्र बदललेला नाही. 'कमळ या शब्दाचा समानार्थी शब्द लिहा' या प्रश्नाला कोणी 'कुमुद' असे उत्तर लिहिले, तर नमुना उत्तरपत्रिकेप्रमाणे त्याला पूर्ण गुण द्यावे लागतात, आणि आम्ही ते देतो.